अक्षर आणि रोजनिशी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं अक्षर तुम्हाला आठवतच असेल. "मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडल्या काय रे?" असं सर विचारायचे आणि मागच्या बाकापर्यंत हशा पिकायचा. मग रोज दहा ओळी शुद्धलेखन, तेही बोरूनं. तेव्हा तो जाच वाटायचा. त्या जाचामागचा विचार आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसानं साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

घनसावंगी तालुक्यातलं जांब आपण सहलीला पाहिलं होतं. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, १६०८ सालचा. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास फक्त लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. शाई काळीभोर असावी. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं. तरुणपणी बारीक लिहिलेलं म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून अक्षर मध्यम ठेवावं. चहूकडे समास सोडावा, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जात नाही. आज चष्मा पुसत वाचणाऱ्या आपल्या बॅचला हे वेगळं समजावून सांगायला नको! समर्थांच्या हातची म्हणून जपलेली वाल्मीकी रामायणाची पोथी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. नानासाहेब देवांनी जन्मभर गावोगाव फिरून अशी बाडं गोळा केली, म्हणून ती राहिली.

आता माझ्यासारख्या मुंगीछाप मंडळींसाठी दिलासा. जपानमध्ये फुजिवारा तेइका नावाचा दरबारी कवी होऊन गेला (११६२ ते १२४१). म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या आधीचा. आपलं अक्षर वाईट आहे, असं तो स्वतःच म्हणायचा. तरी म्हातारपणापर्यंत जुने ग्रंथ हातानं उतरवत राहिला आणि पन्नासहून जास्त वर्षं रोजनिशी लिहीत राहिला. पुढे चहा-समारंभाच्या जाणकारांनी तेच अक्षर वळण म्हणून गिरवलं. त्या रोजनिशीत त्यानं आकाशात अचानक उगवलेल्या ताऱ्यांच्या जुन्या नोंदी शोधून टिपल्या. त्यातली एक १०५४ सालची. तो तारा म्हणजे एका ताऱ्याचा स्फोट होता आणि त्याचे अवशेष आजही दुर्बिणीतून दिसतात. शास्त्रज्ञांना ती नोंद कामी आली. क्योटोमधल्या त्याच्या वंशजांनी कागद सांभाळले, म्हणून हे घडलं.

आमच्या घरी मात्र तसं घडलं नाही. माझे वडील रोज रात्री कंदिलाजवळ बसून लाल वहीत दोन-चार ओळी लिहायचे. पाऊस किती झाला, मोंढ्यात कापसाला काय भाव मिळाला, कोण पाहुणा आला. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचं पाणी कोणत्या दिवशी आटलं, खडी फोडायला कोण कोण गेलं, सुकडी कधी मिळाली, सगळं त्यात होतं. अशा तेवीस वह्या होत्या. वडील गेल्यावर घराला रंग द्यायचा म्हणून मी त्या रद्दीत घातल्या. किलोवर. पैसे किती आले तेही आठवत नाही. मागच्या वर्षी नातवानं विचारलं, "आजोबा, बहात्तरला काय झालं होतं?" मला दोन वाक्यांपुढे सांगता आलं नाही.

म्हणून मित्रांनो, एकच विनंती. घरी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडा. वडिलांची वही, आईनं लिहिलेली ओव्यांची पानं, आजोबांचे मोडीतले कागद, जे असेल ते बाहेर काढा. वाचता आलं नाही तरी टाकू नका, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. आणि स्वतःही रोज दोन ओळी लिहा. अक्षर कसंही असो.

सर, मी जानेवारीपासून लिहायला लागलोय. वही सोबत आणली आहे. समास सोडलाय. जेवणानंतर तपासून द्याल का?