बाळाच्या अंगावरील लाल खूण
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. इतिहास-भूगोल शिकविणारा साधा शिक्षक आहे. तरीही आज एका औषधाविषयी बोलण्याची परवानगी मी मुद्दाम मागून घेतली, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. पहिले बाळंतपण म्हणून ती आमच्याकडेच होती. बाळ दहा-बारा दिवसांचे असताना उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर डास चावल्यासारखा तांबूस ठिपका दिसू लागला. महिनाभरात तो फुगून लालभडक झाला, जणू महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा तुकडा चिकटविला आहे. मग सल्ल्यांना काय तोटा! शेजारच्या खालांनी विचारले, "ग्रहणात हिने काही चिरले होते का?" कुणी पहाटेची शिळी थुंकी लावायला सांगितली, कुणी चुना. बहीण बिचारी रडकुंडीला आली. आपण सुरी केव्हा हातात घेतली हे आठवत बसली. ग्रहणाचा आणि या खुणेचा काही संबंध नाही, असे मी तिला समजाविले. येथपर्यंत मी बरोबर होतो. पण पुढे म्हणालो, "थांब, मोठी झाली की आपोआप जाईल." घरातला शिकलेला भाऊ म्हणून तिने माझे ऐकले.

हे बोलणे अर्धे खरे होते, आणि म्हणूनच ते महागात पडले. शंभर बाळांत चार-पाच बाळांना अशी खूण येते. मुलींना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अधिक. ती रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्यांची गाठ असते. डॉक्टर तिला हिमँजिओमा म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत ती झपाट्याने वाढते, पुढे वाढ थांबते आणि चार-पाच वर्षांत बहुतेक ओसरते. पाठीवर किंवा दंडावर लहानशी खूण असेल तर नुसते लक्ष ठेवून पुष्कळदा भागते. पण पापणीवरची गाठ डोळ्यावर दाब देते, दृष्टी झाकते. ज्या महिन्यांत मेंदू पाहायला शिकतो, त्याच महिन्यांत डोळा अडला तर पुढे खूण जाते, नजर मात्र अधू राहू शकते. नाकाचा शेंडा, ओठ, लंगोटाची जागा येथेही वाट पाहू नये. तेथे जखम होते किंवा व्रण राहतो. हनुवटी-गळ्याभोवती असेल तर श्वासमार्गात गाठ असण्याची शंका घ्यावी लागते. आणि अंगावर पाच किंवा अधिक ठिपके असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात.

आमच्या बाळाची लस लांबली होती. अडीच महिन्यांची असताना नेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी सुई बाजूला ठेवून आधी पापणी पाहिली. "इतके दिवस कशाची वाट पाहिलीत?" बहिणीने माझ्याकडे पाहिले.

विद्यार्थी मित्रहो, या औषधाची गोष्ट तुमच्यासाठी आहे. प्रोप्रॅनोलॉल हे मूळचे हृदयविकाराचे औषध. जेम्स ब्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते १९६०च्या दशकात शोधले. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे फ्रान्समधील बोर्दो शहरात एका मुलाच्या नाकावर अशी गाठ होती. त्या काळच्या पद्धतीने त्याला स्टिरॉइड दिले होते. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून हे औषध सुरू केले. दुसऱ्याच दिवशी गाठीचा लाल रंग जांभळट झाला, गाठ मऊ पडली. डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांनी ते योगायोग म्हणून सोडून दिले नाही. आणखी मुलांवर पाहून २००८ साली प्रसिद्ध केले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिने औषध घेतलेल्या शंभरातील ६० मुलांची खूण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. नुसते गोड पाणी दिलेल्यांत शंभरातील ४ जणांची.

आमच्या मुलीचे आधी हृदय तपासले, डोळे तपासले, पहिला डोस दवाखान्यात देखरेखीखाली दिला. मात्रा मी मुद्दाम सांगत नाही. ही गोळी मोठ्या माणसांना रक्तदाबासाठी, धडधडीसाठी देतात, म्हणून ती पुष्कळांच्या घरी असते. आजोबांची गोळी कुटून बाळाला देण्याचा विचारही कुणी करू नये. या औषधाने नाडी मंदावते, रक्तातील साखर घसरते, दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाची छाती भरते. म्हणून दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्यायचे, आणि बाळ पीत नसेल, ओकत असेल तर डोस वगळून डॉक्टरांना कळवायचे. एका रात्री मुलगी तापाने दूध घेईना. बहिणीने डोस दिला नाही, फोन केला. भरपाई म्हणून पुढचा डोस दुप्पटही केला नाही. मी तेव्हा काही बोललो नाही, एवढे शहाणपण मला आले होते.

आठवड्याभरात रंग उतरू लागला. औषध वर्षभराची होईपर्यंत चालले. आज ती बालवाडीत जाते. पापणीवर थोडी सैल, फिकट त्वचा उरली आहे. पण त्या डोळ्याला नंबर आहे. चष्मा लागला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते. पट्टी लावायची वेळ झाली की ती पलंगाखाली लपते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली सांगितले की, धोक्याच्या जागी खूण असलेले बाळ महिन्याचे होण्याआधीच तज्ज्ञाला दाखवावे. आमची मुलगी महिन्याची होती तेव्हा मी "थांब" म्हणत होतो.

आज येथे कुणाच्या घरी दोन-तीन आठवड्यांचे बाळ असेल आणि अशी खूण दिसत असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला अवश्य भेटा. मी औषध सांगणार नाही. कुठल्या डॉक्टरांकडे जायचे ते सांगेन, आणि हवे तर सोबत येईन.