रक्तातलं लोखंड

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून रोज टनावारी सळई निघते. माणसाच्या अंगात मात्र सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोखंड असतं, आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश रक्तात. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त खेळतं. तपासणीसाठी काढलेलं रक्त न गोठू देता नळीत उभं ठेवलं, की वर पिवळसर प्लाझ्मा दिसतो, खाली गडद तांबड्या पेशी बसतात आणि दोहोंच्या मधे पांढुरका पातळ पापुद्रा धरतो. प्लाझ्मा निम्म्याहून थोडा जास्त. तो बहुतांशी पाणीच, पण अन्नरस, क्षार, संप्रेरकं, रक्त गोठवणारी प्रथिनं आणि टाकाऊ द्रव्यं हे सगळं त्यातूनच वाहतं. मधल्या पापुद्र्यात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखमेतून वाहणारं रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट असतात. तांबड्या पेशी फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतात, आणि तो धरून ठेवतं ते त्यांच्यातलं हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे ४ अणू असतात. लोह अपुरं पडलं, की पाणी भरताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पापणीच्या आतली बाजू फिकट दिसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला; त्याच वयाच्या पुरुषांत २१.९ टक्के. एकाच चुलीवरची भाकरी खाणाऱ्यांत एवढी तफावत का? बाई शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते, म्हणून, असं कोणी म्हणेल. ते खरं आहे आणि बदललंच पाहिजे. पण देशातल्या सर्वांत सधन घरांतल्या बायकांतही हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, तेव्हा नुसत्या ताटाकडे बोट दाखवून भागत नाही. लोहाचा खर्चही पाहायला हवा. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर वाया जाऊ देत नाही, त्यातूनच नवी पेशी घडवतं. म्हणून पुरुषाला रोज १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह अन्नातून शोषलं गेलं तरी पुरतं. बाईच्या अंगातून दर पाळीला सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. अंगावरून जास्त जात असेल तर दुप्पट. एका गरोदरपणात १,००० मिलिग्रॅमच्या घरात लोह लागतं. आतडं एरवी दिवसाला १-२ मिलिग्रॅमच लोह शोषतं. दोन बाळंतपणं जवळजवळ आली तर ही झीज भरून निघायची कशी?

आमच्याकडे बाजरी आहे, पालेभाजी आहे, मग लोहाच्या गोळ्या कशाला, असाही प्रश्न येतो. १०० ग्रॅम बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, हे खरंच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर जास्त लोह असलेला ए.एच.बी. १२०० हा संकरित वाणही दिला आहे. पण धान्यातलं फायटिक आम्ल ते लोह बांधून ठेवतं, आणि भाकरीबरोबर चहा घेतला की उरलंसुरलंही फारसं हाती लागत नाही. उलट 'क' जीवनसत्त्व ते मोकळं करतं. जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या बागांतली मोसंबी २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसली. तिच्या दोन फोडी जेवणाबरोबरच खाव्यात, चहा तास-दोन तासांनी घ्यावा. मोसंबी बाजारातच जात असेल तर भाकरीवर लिंबू पिळावं. लोखंडी कढईत शिजवलेल्या आंबट भाजीचाही थोडा हातभार लागतो. एवढं करूनही गरोदर बाईची गरज अन्नातून भागणं अवघडच, म्हणून आशाताई देतात ती लाल गोळी चुकवू नये. तिने मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून कित्येक पुड्या फळीवर पडून राहतात. शोषलं न गेलेलं लोह बाहेर पडतं म्हणून शौचाचा रंग बदलतो, त्यात अपाय नाही. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर किंवा झोपताना घ्यावी. कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नये.

प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच नसतो, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदी रास्त आहे. बी-१२ कमी पडतं, पोटात जंत असतात. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे तर आईबापांकडून येणारे आजार, त्यांत लोह डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. म्हणून आधी तपासणी. गर्भार नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर कारण शोधायचं, पाळीत जास्त जात असेल तर संकोच न करता सांगायचं. आणि लोहच कमी निघालं, तर आकडा १२ वर आला म्हणून गोळी लगेच बंद करायची नाही. यकृतातला साठा तेव्हा रिकामाच असतो; तो भरायला पुढे आणखी ३ महिने तरी गोळी घ्यावी लागते.