कट, मान आणि मुर्वत : खान्देशातील रस्त्यांवरच्या संतापाचा विचार

धुळे शहरापाशी तीन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. सुरतेकडून येऊन पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ या मार्गाने विदर्भात जाणारा ५३ क्रमांकाचा, शिरपूरकडून येऊन चाळीसगावमार्गे मराठवाड्यात शिरणारा ५२ क्रमांकाचा आणि मालेगाव-नाशिककडे जाणारा ६० क्रमांकाचा असे हे तीन रस्ते असून जुन्या पिढीतील चालक त्यांचा उल्लेख अजूनही सहा नंबर, दोनशे अकरा आणि आग्रा रोड असाच करतात. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या रस्त्यांवर परराज्यांतील कंटेनर, केळीचे ट्रक, वाळूचे डंपर, एसटी बस, काळी-पिवळी जीप, कापसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर, मागे साधी लाल पट्टीही नसलेल्या बैलगाड्या आणि या सर्वांच्या फटींतून वाट काढणारी असंख्य दुचाकी वाहने एकाच डांबरावर चालतात. वेग, वजन, घाई आणि सामाजिक वजन या चारही बाबतींत इतकी विषम असलेली वाहने एकत्र आली म्हणजे त्यांच्यात जागेसाठी जी चढाओढ होते, तिच्यातून उद्भवणारा राग हा या व्याख्यानाचा विषय आहे.

रस्त्यावरचा संताप म्हणजे वाहन चालवीत असताना दुसऱ्या चालकाच्या खऱ्या अथवा कल्पित आगळिकीमुळे उफाळलेला आणि शिवीगाळ, पाठलाग, मारहाण किंवा वाहनाचाच शस्त्रासारखा वापर या रूपांनी प्रकट होणारा राग, अशी त्याची व्याख्या करता येईल. निष्काळजीपणा आणि संताप यांत फरक करणे आवश्यक आहे. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान दहा जण मृत्युमुखी पडले. त्या अपघातामागे ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. अशा घटनेत वाहनाच्या देखभालीचा, म्हणजे जबाबदारीचा प्रश्न येतो, परंतु रागाचा येत नाही. उलट खान्देशातील वृत्तपत्रांत 'कट मारल्याच्या कारणावरून' या शब्दांनी सुरू होणारी जी बातमी वाचकांच्या चांगल्याच परिचयाची झाली आहे, तिच्यात बहुतेक वेळा कोणालाही इजा झालेली नसते. एक दुचाकी दुसरीच्या अगदी जवळून पुढे गेलेली असते, एवढेच. इजा त्यानंतर होते, आणि ती माणसे हाताने करतात.

भारतीय कायद्यात या संतापाला स्वतंत्र नाव नाही. भरधाव व बेदरकार चालवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आहे, धोकादायक रीतीने चालवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ आहे, आणि पुढची शिवीगाळ वा मारहाण त्या त्या सर्वसाधारण कलमांखाली जाते. म्हणजे घटनेचे तुकडे नोंदवले जातात, पण तुकड्यांना जोडणारा राग कोठेच लिहिला जात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ माणसे दगावली व त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. त्या अहवालात कारणांचे रकाने अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर असे आहेत. पुढच्याला धडा शिकवण्यासाठी वाढवलेला वेग आणि उशीर झाला म्हणून वाढवलेला वेग हे दोन्ही तेथे 'अतिवेग' या एकाच रकान्यात जमा होतात. शिक्षेचे म्हणाल तर, पतियाळा येथे २७ डिसेंबर १९८८ रोजी रस्त्यावरील भांडणात एका ६५ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू झाला, त्या प्रकरणी क्रिकेटपटू व राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांना सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा सुनावली ती १९ मे २०२२ रोजी. मध्यंतरी तेहतीस वर्षे उलटली होती, ही गोष्ट शिक्षेच्या धाकावर सारी भिस्त ठेवणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

रागाची कारणमीमांसा मानसशास्त्रज्ञांनी बरीच केली आहे. इच्छिलेल्या कृतीत अडथळा आला की वैफल्य येते आणि वैफल्यातून आक्रमकता संभवते, हा जॉन डोलार्ड आणि त्यांच्या येल विद्यापीठातील सहकाऱ्यांनी १९३९ साली मांडलेला सिद्धान्त सर्वपरिचित आहे. परंतु खान्देशाच्या दृष्टीने त्यानंतरचे दोन प्रयोग अधिक उद्बोधक ठरतात. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस यांनी कॅलिफोर्नियात हिरवा दिवा लागल्यावरही मुद्दाम न हलणारी मोटार सिग्नलपाशी उभी केली आणि मागचे चालक किती लवकर हॉर्न वाजवतात ते पाहिले, तेव्हा पुढे जुनाट गाडी असताना हॉर्न लवकर वाजला व महागडी नवी गाडी असताना लोकांनी धीर धरला. म्हणजे राग आंधळा नसतो, तो समोरच्याची पायरी पाहून येतो. एका चौकात मोठ्या पांढऱ्या गाडीमागे गप्प उभा राहणारा माणूस पुढच्या चौकात रिक्षावाल्यावर डाफरतो, हे जळगावच्या आकाशवाणी चौकात वा धुळ्याच्या आग्रा रोडवर प्रयोगावाचूनही दिसते. दुसरा प्रयोग डग्लस केनरिक आणि स्टीव्हन मॅकफार्लेन यांचा, १९८६ साली प्रसिद्ध झालेला आणि अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहरातला आहे. तापमान वाढते तसे हॉर्न वाजवण्याचे प्रमाण वाढते, आणि खिडक्या उघड्या ठेवून, म्हणजे गारव्याच्या यंत्राविना चालवणाऱ्यांत ते विशेष वाढते, असे त्यांना आढळले. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि येथील बहुसंख्य चालकांच्या वाहनाला खिडकीच नसते. अर्थात उन्हाने तापलेला प्रत्येक जण मारामारी करत नाही. हवामान रागाचे कारण सांगते, त्याची माफी देत नाही.

मात्र उकाडा आणि अडथळा यांनी सारे स्पष्ट होत नाही, कारण 'कट' लागलेल्या माणसाचा जो वेळ वाया जातो तो दोन क्षणांचाही नसतो आणि पाठलागात त्याहून कितीतरी अधिक वेळ तो स्वखुशीने घालवतो. त्याला वाटते ते असे, की आपला मान गेला. (वाहनक्रमांक '४१४१' घेऊन तो 'दादा' असा वाचला जाईल अशी आकड्यांची वळणे काढणाऱ्या समाजात मानाची जागा कोठे आहे, हे वेगळे सांगावयास नको.) मान आणि सुरक्षितता यांचा रस्त्यावरील झगडा किती जुना व किती खोल आहे, याचा पुरावा याच खान्देशातील एका घटनेत सापडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीच्या कामासाठी खान्देशात गेले होते आणि परतताना चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांच्या आग्रहास्तव तेथे उतरले. स्थानकावरून वस्तीकडे जाण्यासाठी एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना, कारण अस्पृश्याचा टांगा हाकणे टांगेवाल्यांना आपल्या दर्जाला कमीपणा आणणारे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने मिळेल पण हाकणारा मिळणार नाही, अशी तडजोड झाली. यजमानांपुढे पाहुण्याला पायी नेण्याचा मार्ग मोकळा होता, परंतु त्यात पाहुण्याचा अपमान होईल असे त्यांना वाटले आणि टांगा हाकण्याचा अनुभव नसलेल्या एकाने लगाम हाती घेतला. थोडे अंतर जाताच समोरून आलेल्या मोटारीशी होणारी टक्कर एका पोलिसाच्या आरोळीमुळे टळली. पुढे नदीवरील मोरीवर चाक दगडांत अडकले, घोड्यासह टांगा खाली कोसळला आणि फरशीवर फेकल्या गेलेल्या आंबेडकरांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली असून तिचे विश्लेषणही तेथे केले आहे : यजमानांनी पाहुण्याच्या जिवापेक्षा पाहुण्याच्या मानाला अधिक किंमत दिली.

या घटनेतील टांगेवाल्यांचा मान आणि यजमानांचा मान एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल, कारण पहिला दुसऱ्याला हीन लेखण्यावर उभा होता आणि दुसरा त्या अपमानाला दिलेले उत्तर होता. तरीही रस्त्यापुरता निष्कर्ष दोन्हींकडून एकच निघतो. टांगेवाल्यांनी सेवा नाकारताना आपल्याकडे वाहन चालवण्याचे कौशल्य आहे व त्याबरोबर प्रवाशाच्या जिवाची जबाबदारी येते, हे मनात आणले नाही. कौशल्याचा उपयोग त्यांनी केवळ दर्जा दाखवण्यासाठी केला. आजचा चालक दुसऱ्याला साइड न देता वेग वाढवतो तेव्हा, जातीचा संबंध नसतानाही, तो हेच करीत असतो.

खान्देशातील माणूस एरवी उद्धट नाही, हेही तितकेच खरे आहे. गावात नाना, आबा, बापू, भाऊ, अक्का या हाका सर्रास चालतात आणि बैलगाडीच्या चाकोरीत समोरून दुसरी गाडी आली तर कोणी बाजूला व्हावे हे वय, नाते आणि ओझे पाहून न बोलता ठरते. हे सौजन्य भीडेवर, म्हणजे ओळखीतून येणाऱ्या संकोचावर उभे असते. हेल्मेटच्या काचेआड किंवा रुमालाने तोंड बांधलेल्या स्वाराला चेहरा नसतो, त्यामुळे त्याची भीड वाटत नाही. नंबरप्लेटवरील एमएच-१८ किंवा एमएच-१९ एवढीच त्याची ओळख उरते. जळगावात ही अडचण फार तीव्र झाली, कारण तेथे राष्ट्रीय महामार्गच गावाच्या मधून गेला आणि बांभोरीच्या पुलापासून अजिंठा चौफुलीपर्यंत शाळेची सायकल आणि परप्रांतीय कंटेनर शेजारी शेजारी धावू लागले. समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलने करावी लागली, शहराबाहेरून पाळधी ते तरसोद असा बायपास आखला गेला. ज्या रस्त्याला दुभाजकातील जवळचा छेद नाही तेथे माणूस उलट दिशेने जाणारच, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. रस्ता बांधणाऱ्याची चूक चालकाच्या माथी मारणे योग्य नव्हे. परंतु उलट दिशेने येणाऱ्याने समोरच्यावरच अप्पर मारून डोळे वटारावेत, याचा दोष कोणत्याही अभियंत्याकडे जात नाही.

ओळखीवर न विसंबणारे सौजन्य हवे असेल तर ते नियमातच शोधावे लागते, आणि ते तेथे आहे. १९८९ साली लागू झालेल्या व पुढे २०१७ साली नव्याने मांडलेल्या रस्त्याच्या नियमांकडे लोक दंडाची यादी म्हणून पाहतात. वस्तुतः त्यांतील बराच भाग अनोळखी माणसाशी कसे वागावे याचा आहे. दुसरे वाहन पुढे जात असताना आपला वेग वाढवू नये, सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी जाऊ द्यावे, अरुंद चढावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, या तरतुदींत कोण मोठा हा प्रश्नच येत नाही. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधील औट्रम घाटात भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा उचलणे किती अवघड असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला शेवटच्या नियमाचा आधार शिष्टाचारापेक्षा यंत्रशास्त्रात अधिक आहे हे कळेल.

अपघात घडून गेल्यावरचा संताप हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकते, पण जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर अपवाद मान्य करते. कायदा करणाऱ्यांनी जमावाचा राग इतका गृहीत धरला होता. न्याय संहितेच्या कलम १०६ मधील, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगणाऱ्या पोटकलमाविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी मालवाहू चालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ते पोटकलम अंमलात आणणे लांबणीवर पडले. थांबलो तर लोक जीव घेतील, हे संपकऱ्यांचे म्हणणे सबब म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याचबरोबर जमावापासून दूर गेलेल्या चालकाला जवळच्या पोलीस ठाण्यात गाडी नेऊन घटना सांगण्यापासून कोणी अडवलेले नसते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देते आणि त्याने आपले नाव सांगावे अशी सक्तीही करता येत नाही. चालकाला खाली ओढण्यासाठी जमणाऱ्या गर्दीत हे कलम माहीत असणारे दोघे-तिघे असले, तर जखमीला तोवर वाहन मिळालेले असते.