बॉयलरांतील पुट

मुंबईच्या कोरड्या गोदींत आगबोट उभी राहिली, कीं तिच्या तळाला व मळसूत्री पंख्याला चिकटलेले कवचधारी सागरी जीव खरडून काढण्याचें काम सुरू होतें. पंख्याचीं पातीं खडबडीत झालीं, म्हणजे तोच वेग राखण्यास अधिक इंधन जाळावें लागतें. अमरावती-अकोल्याच्या रहिवाशास हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु त्या जीवांचें कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटाचें बनतें, तोच पदार्थ वऱ्हाडांत न्हाणीघराच्या बंबांत व कारखान्याच्या बॉयलरांत पांढऱ्या पुटाच्या रूपानें सांचतो. समुद्रांत तो जीव सांचवितो, येथें आंच सांचविते.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेला खारपाणपट्टा सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र खारेपणा आणि दुष्फेनता एक नव्हेत. साध्या मिठानें पुट धरत नाहीं. त्यानें बॉयलरांतील पाणी फेसाळतें व पत्रा गंजतो. पुट धरतें तें कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळें. पाण्यांत विरलेलें कॅल्शियम बायकार्बोनेट तापतांच फुटतें, वायु निघून जातो आणि चुनखडी मागें राहते. कॅल्शियम सल्फेटाची तऱ्हा निराळी. बॉयलरांतील पाणी जितकें अधिक तापावें, तितकें तें कमी विरघळतें. म्हणून तें सर्वांत तप्त नळ्यांवरच दगडासारखें बसतें.

यांत हानि केवळ इंधनाची नाहीं. पुटांतून उष्णता सहजासहजीं जात नाहीं. पाण्याचा स्पर्श तुटलेला पत्रा अतोनात तापतो, मऊ पडून फुगतो आणि शेवटीं वाफेच्या दाबानें फाटतो. वाफेवर चालणाऱ्या जिनांना व गांठी बांधणाऱ्या प्रेसांना ही धास्ती असे. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीसही १९९४ पर्यंत वाफेचेंच इंजिन होतें. १९२३ च्या कायद्यानें बॉयलराचा दाखला सामान्यतः बारा महिन्यांपुरताच ठेवला, तो उगाच नव्हे.

पुट काढण्यापूर्वीं बॉयलर आपोआप निवूं द्यावा. तप्त पत्र्यावर थंड पाणी सोडल्यास पुटाबरोबर पत्राही तडकण्याचा संभव असतो. मऊ गाळ पाण्याच्या जोरानें धुवावा, कठीण थर बेतानें ठोकून काढावा. छिन्नीचा खोल ओरखडा पडला, कीं तेथेंच गंज धरतो. आम्लानें कार्बोनेट विरतें, सल्फेट फारसें विरत नाहीं. त्यासाठीं आधीं धुण्याच्या सोड्याचें पाणी उकळवितात, म्हणजे सल्फेटाचें कार्बोनेट होतें. आम्ल लोखंडासही खातें व त्यांतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो; तेव्हां तें जाणत्यानेंच हाताळावें आणि जवळ दिवा वा विडी नसावी.

सर्वांत मोठी दक्षता आंत शिरणाऱ्या मजुराविषयीं घ्यावयाची असते. शेजारच्या चालू बॉयलराची वाफ येण्याची वाट केवळ झडपेवर विसंबून न ठेवतां, जोडनळी सोडवून तोडावी. आंत हवा खेळती असावी व बाहेर एक माणूस सतत उभा असावा. आंत गुदमरलेल्यास काढावयास दुसऱ्यानें तसेंच शिरणें म्हणजे एकाऐवजीं दोन जीव धोक्यांत घालणें होय.

घरच्या किटलींतील पुटास लिंबाचा रस पुरतो. बुडबुडे थांबले, कीं ती स्वच्छ पाण्यानें विसळावी. कारखान्यांत मात्र पाणी आधींच मृदु करून बॉयलरांत सोडणें हाच खरा उपाय. त्याचा खर्च दरमहा दिसतो. तो न केल्याचें मोल एकदांच द्यावें लागतें, आणि तें बहुधा आगवाल्याला द्यावें लागतें.