सनद देणाऱ्याचे उत्तरदायित्व



एखादी सार्वजनिक संस्था पन्नास वर्षे चालते, याचा अर्थ तिने पन्नास वेळा आपला हिशेब समाजापुढे मांडलेला असतो. सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गौरव व्हावा, तसाच विश्वस्तपणाचा विचारही व्हावा, हे उचित होय. म्हणून शिक्षणक्षेत्रातील एक प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. सार्वजनिक पैशावर खासगी मंडळाने शाळा चालवावी, हे तत्त्व एकदा मान्य केले, म्हणजे त्या मंडळाला परवानगी कोणी द्यावी, त्याच्यावर देखरेख कोणी ठेवावी आणि देखरेख ठेवणाऱ्याला जाब कोणी विचारावा? या प्रश्नाची कसोटी पाहणारा एक फार मोठा प्रयोग गेली तीन दशके अमेरिकेत ‘चार्टर शाळा’ या नावाने चालू आहे.

चार्टर म्हणजे सनद. १९८८ साली तेथील शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी या कल्पनेचा जाहीर पुरस्कार केला. शिक्षकांच्या लहान गटाला नवे प्रयोग करण्याची मोकळीक असावी आणि त्या प्रयोगाचे फलित ठराविक मुदतीनंतर तपासले जावे, असा त्यांचा हेतू होता. पुढे खासगी कंपन्यांचा या क्षेत्रात शिरकाव झाल्यावर तेच शँकर या चळवळीचे टीकाकार बनले, ही गोष्टही नोंदविण्याजोगी आहे. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये त्या राज्यातील सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ ही पहिली शाळा सुरू झाली. आज चाळीसहून अधिक राज्यांत अशा शाळा असून, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात सुमारे ७,८०० शाळांमध्ये ३७ लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकत होते.

महाराष्ट्रातील वाचकाला आपली अनुदानित शाळा चटकन आठवेल. तेथेही संस्था खासगी आणि वेतनाचा भार शासनाचा, अशी व्यवस्था असते. साम्य येथवरच आहे. चार्टर शाळा ही कायद्याने सार्वजनिक शाळा मानली जाते. ती शुल्क घेत नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर सामान्यतः सोडत काढून प्रवेश देते. आणि तिला मिळणारा पैसा मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर ठरतो. सर्वांत महत्त्वाचा भेद असा, की तिची सनद मुदतीची असते. मॅसॅच्युसेट्समध्ये ही मुदत पाच वर्षांची आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये ती पंधरा वर्षांची असली, तरी दर पाच वर्षांनी किमान एकदा आढावा घ्यावाच लागतो. नित्याच्या अनेक नियमांतून शाळेला मोकळीक मिळते. त्या बदल्यात ठरलेले फलित दाखविले नाही, तर सनद परत घेतली जाते. हा या व्यवस्थेचा मूळ करार होय.

मात्र करार पाळला जातो की नाही, हे पाहणारा कोणीतरी हवा. ते काम सनद देणारी संस्था करते. ही संस्था कोठे स्थानिक शाळा-मंडळ, कोठे राज्याचे शिक्षण मंडळ, कोठे विद्यापीठ, कोठे स्वतंत्र आयोग, तर मिनेसोटासारख्या ठिकाणी धर्मादाय संस्थाही असते. शाळेचे नाव लोकांच्या तोंडी असते. तिला सनद देणाऱ्याचे नाव पालकांनाही बहुधा ठाऊक नसते. तरीही अर्ज तपासणे, करार लिहिणे, हिशेब पाहणे, वर्गांना भेट देणे, नूतनीकरण करणे किंवा नाकारणे, हे सारे अधिकार तिच्याच हाती असतात.

आता या व्यवस्थेतील मर्मस्थान पाहावे. अनेक राज्यांत सनद देणाऱ्या संस्थेला देखरेखीच्या खर्चासाठी शाळेच्या निधीतून काही टक्के शुल्क घेता येते. ओहायोत या शुल्काची मर्यादा तीन टक्के होती. कॅलिफोर्नियात ती सामान्यतः एक टक्का असते. वरवर पाहता यात गैर काही नाही; देखरेखीला माणसे लागतात आणि माणसांना वेतन लागते. परंतु शाळा जितकी मोठी तितके शुल्क अधिक, आणि शाळा बंद पडली की शुल्कही बंद. ज्याचे उत्पन्न शाळा चालू राहण्यावर अवलंबून, त्याच्याच हाती ती बंद करण्याचा अधिकार, अशी ही विसंगती आहे. फिर्यादीच्या खिशातून न्यायाधीशाचे वेतन जावे, तसा हा प्रकार होतो.

या विसंगतीची किंमत ओहायो राज्याने मोजली. २००० साली तेथे ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’ ही ऑनलाइन शाळा सुरू झाली आणि ती राज्यातील सर्वांत मोठ्या शाळांपैकी एक झाली. २०१५-१६ या वर्षासाठी तिने पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा निधी घेतला होता. राज्याच्या शिक्षण खात्याने विद्यार्थी प्रत्यक्ष किती वेळ शिकले याच्या नोंदी मागितल्या, तेव्हा पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून सुमारे ६,३०० जणांचाच पुरावा मिळाला. सुमारे सहा कोटी डॉलर परत करण्याचा आदेश झाला; पुढील वर्षाच्या तपासणीनंतर ही रक्कम आठ कोटींच्या घरात गेली. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद पडली आणि सुमारे बारा हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदी मागण्याचा खात्याचा अधिकार मान्य केला. कायदेशीर प्रश्न सुटला. मुलांचे वर्ष मात्र परत मिळण्यासारखे नव्हते.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की सनद देणारी संस्था या साऱ्या काळात अस्तित्वात होती. शाळा अठरा वर्षे चालली. नोंदींचा प्रश्न इतक्या उशिरा विचारला गेला, याचे कारण तो आधी विचारण्यात कोणाचेच हित नव्हते. शिवाय राज्यात सनद देणाऱ्या संस्थांचेच मूल्यमापन सुरू झाले, तेव्हा ऑनलाइन शाळांचे नापास शेरे त्या मूल्यमापनातून वगळल्याचे उघड झाले आणि जुलै २०१५ मध्ये संबंधित अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. पहारेकऱ्यावर नेमलेला पहारेकरीही डोळे मिटू शकतो, याचे हे उदाहरण होय.

कॅलिफोर्नियाचा अनुभव याच जातीचा आहे. तेथे काही लहान शाळा-मंडळांनी आपल्या क्षेत्राबाहेरील विद्यार्थी घेणाऱ्या ऑनलाइन शाळांना सनदा दिल्या. मंडळांची स्वतःची विद्यार्थिसंख्या अल्प आणि शुल्काचे उत्पन्न मोठे, अशी स्थिती झाली. मे २०१९ मध्ये सॅन डिएगो येथे ‘ए-थ्री’ नावाच्या जाळ्यातील अकरा जणांवर आरोपपत्र जाहीर झाले. उन्हाळी क्रीडा उपक्रमांतील मुलांची नावे शाळेच्या पटावर चढवून निधी घेतल्याचे त्यात पुढे आले. २०२१ मध्ये प्रमुख आरोपींनी गुन्हा कबूल केला. त्याआधीच, २०१९ च्या कायद्यांनी क्षेत्राबाहेर सनद देण्याची पळवाट अरुंद करण्यात आली आणि वर्गाबाहेर शिकविणाऱ्या नव्या चार्टर शाळांना काही वर्षे मनाई करण्यात आली.

हे ऐकून चार्टर शाळांची कल्पनाच त्याज्य आहे, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘क्रेडो’ या संशोधन केंद्राने २००९ साली केलेल्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या सार्वजनिक शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के निकृष्ट आणि उरलेल्या समान ठरल्या होत्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र पालटले: चार्टर शाळांतील विद्यार्थी सरासरीने वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अध्यापनाइतके पुढे होते. पण ऑनलाइन शाळांतील मुले वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे असल्याचेही त्याच अहवालाने सांगितले. बॉस्टनच्या चार्टर शाळांचे यश तर अनेक अभ्यासांनी नोंदविले आहे. कायद्याचे नाव एकच असूनही फळे इतकी निराळी येतात. या अंतराला अनेक कारणे आहेत. सनद कोणी, कोणत्या अटींवर दिली आणि नंतर काय पाहिले, हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

बॉस्टन ज्या राज्यात आहे, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचे शिक्षण मंडळ हीच सनद देणारी एकमेव संस्था आहे. एका दाराने नकार दिला म्हणून दुसऱ्या दारी जाण्याची सोय तेथे नाही. पाच वर्षांच्या मुदतीत शाळेला भेटी दिल्या जातात. नूतनीकरणापूर्वी सविस्तर तपासणी होते. उणीव आढळल्यास अटी घातल्या जातात आणि सुधारणा न झाल्यास सनद संपते. ज्या मिनेसोटाने हा मार्ग प्रथम काढला, त्यानेच २००९ मध्ये आपली चूक दुरुस्त केली. सनद देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने आधी राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडून स्वतःची पात्रता सिद्ध करून घ्यावी, असा नियम झाला. ओहायोनेही २०१५ च्या कायद्याने सनद देणाऱ्या संस्थांचे मूल्यमापन कडक केले, निकृष्ट ठरलेल्यांचा अधिकार काढून घेण्याची तरतूद केली आणि त्यांनी आपल्याच शाळांना वस्तू व सेवा विकण्यावर निर्बंध घातले. बंद होऊ घातलेल्या शाळेने नवा आश्रयदाता शोधावा, या प्रकारालाही त्यामुळे आळा बसला.

तथापि, कडकपणा हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. टेक्सासने २०१३ मध्ये असा कायदा केला, की लागोपाठ तीन वर्षे शैक्षणिक वा आर्थिक निकषांवर अपयशी ठरलेल्या शाळेची सनद रद्द व्हावीच. यात पक्षपाताला जागा उरत नाही, हा मोठा गुण आहे. दुसरीकडे, इतरांनी नाकारलेली, शाळा सोडलेली मुले जी शाळा मुद्दाम जवळ करते, तिची गुणवत्ता केवळ परीक्षेच्या आकड्यांवर तोलली, तर ती अशी मुले घेणेच सोडून देईल, अशी भीती असते. त्याचप्रमाणे दर महिन्याला नवे विवरणपत्र मागविणारी देखरेख शिक्षकांचा वेळ खाते आणि ज्या स्वातंत्र्यासाठी ही व्यवस्था जन्मली तेच हिरावून घेते. यासाठी काय पाहणार, कोणत्या मापाने आणि कोणत्या मुदतीत पाहणार, हे करारातच लिहिलेले असावे. ते वाचून शाळेला आपला निकाल आधीच समजावा.

यानंतर येतो सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. शाळा बंद करणे हा निर्णय कागदावर एका ओळीचा असतो. मुलाच्या दृष्टीने ते मित्र, शिक्षक आणि परिचित वाट एकदम सुटणे असते. २००५ च्या ‘कॅटरिना’ वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहरातील बहुतेक सर्व सार्वजनिक शाळा चार्टर झाल्या. तेथे सुरुवातीची गोंधळाची वर्षे गेल्यावर, २०१२ पासून बहुतेक शाळांसाठी प्रवेशाचा एकच अर्ज आणि मुलाला शाळेतून काढण्याबाबत सामाईक सुनावणीची पद्धत आणण्यात आली. अवघड मुलाला गुपचूप बाहेर काढण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला, आणि बंद होणाऱ्या शाळेतील मुलांच्या पुढील प्रवेशाची जबाबदारी व्यवस्थेने उचलली. २०१८ मध्ये शाळांवरील देखरेख पुन्हा स्थानिक निर्वाचित मंडळाकडे आली. म्हणून जी संस्था सनद देताना शाळा बंद करण्याची योजनाही तयार ठेवते, मुलांची कागदपत्रे कोणाकडे जातील, शिल्लक निधी कोणाचा, पालकांना किती आधी कळवायचे, हे पहिल्याच दिवशी ठरविते, तीच खऱ्या अर्थाने मुलांची पालक होय.

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. परवानगी देणाऱ्याचे हित परवानगीत गुंतलेले नसावे. देखरेखीचा खर्च शाळेच्या पटाशी बांधण्याऐवजी राज्याने स्वतंत्रपणे उचलावा. देणाऱ्याचीही परीक्षा व्हावी आणि तिचा निकाल लोकांपुढे यावा. आणि नकार देण्याचे बळ नसेल, तर सनद देण्याचा अधिकारही घेऊ नये.

विश्वस्त हा शब्द विश्वासातून आला आहे. शाळा काढणारा समाजाचा विश्वास घेतो, तितकाच तो परवानगीवर सही करणाराही घेतो. ओहायोतील त्या बारा हजार मुलांच्या पालकांनी सनद देणाऱ्या संस्थेला कधी पाहिलेही नसेल; तरी त्यांनी मुलांना शाळेत घातले, ते कोणीतरी तपासून सही केली असेल या भरवशावर. असा न पाहिलेला भरवसा सांभाळणे हेच प्रत्येक विश्वस्ताचे कर्तव्य होय, मग त्याची सही शाळेच्या सनदेवर असो वा एखाद्या लहानशा न्यासाच्या वार्षिक हिशेबावर.