सेव्ह केलं, पण बदललं कुठे?

वेबसाइटवर आपला पत्ता बदलायचा, सेव्हचं बटण दाबायचं, 'बदल नोंदवला' असं वाचायचं आणि पान पुन्हा उघडावं तर जुनाच पत्ता! हा अनुभव अनेकांना आलेला असतो. खरं तर डेटाबेसमध्ये नवा पत्ता बिनचूक नोंदलेला असतो. जुना दिसतो तो बहुतेकदा कॅशेमुळे.

कॅशे म्हणजे तयार उत्तरांचा हाताशी ठेवलेला साठा. दुकानदार रोजचा माल गल्ल्याशेजारी ठेवतो, दर गिऱ्हाइकासाठी गोदामात जात नाही, तसंच हे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली लाइव्हजर्नल या ब्लॉग-साइटसाठी मेमकॅश्ड तयार केलं ते याच कामासाठी. साठा करणं सोपं. त्यातलं काय कधी काढून टाकायचं, हे अवघड.

ते अवघड का, हे समजायला जँगो ही पायथन भाषेतली, वेबसाइट बनवण्याची प्रणाली पाहण्यासारखी आहे. तिचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात झाला. २००५ साली ती सर्वांसाठी खुली झाली. जँगोमध्ये नोंद सेव्ह झाली की एक सिग्नल निघतो. त्याला 'या नोंदीचं कॅशेमधलं पान पुसून टाक' एवढं सांगून ठेवलं की काम झालं, असं वाटतं.

आता एक बातमी घ्या. ती किती जणांनी वाचली, हा आकडाही त्याच नोंदीत आहे. वाचक आला, आकडा एकने वाढला, नोंद सेव्ह झाली, सिग्नल निघाला, पान पुसलं गेलं. पुढचा वाचक आला की पुन्हा तेच. म्हणजे बातमी जितकी जास्त वाचली जाते, तितका कॅशेचा उपयोग कमी! अशा वेळी आकडा थेट डेटाबेसमध्येच, अपडेट पद्धतीने वाढवावा. त्यात सेव्ह होत नाही, सिग्नल निघत नाही, पान शाबूत राहतं. पण मथळा कुणी याच पद्धतीने बदलला, तर तेव्हाही सिग्नल निघत नाही आणि जुना मथळा तसाच दिसत राहतो. म्हणून कोणत्या बदलाने काय पुसायचं, हे आधी ठरवावं.

आणि कधी पुसायचं? व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावर. पुसण्याची घाई केली, तर मधल्या क्षणी आलेला दुसरा वाचक जुनीच माहिती वाचतो आणि तीच कॅशेत परत भरली जाते. मग तिची कॅशेतली मुदत संपेपर्यंत ती हलत नाही. जँगोमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर ही मुदत ३०० सेकंद असते. व्यवहार पक्का झाल्यावरच काम करण्याची सोय जँगोमध्ये २०१५पासून आहे. ती वापरावी.

काही प्रोग्रामर मंडळी मात्र प्रत्येक सेव्हला सगळी कॅशे रिकामी करतात. ही सवय सोडायला हवी. त्याने तीच कॅशे वापरणाऱ्या शेजारच्या प्रोग्रॅमचा साठाही पुसला जातो, आणि सगळा भार एकदम डेटाबेसवर येतो.

तो भार काय करतो, हे २३ सप्टेंबर २०१०ला दिसलं. फेसबुकच्या एका सेटिंगमध्ये चुकीची नोंद गेली. ती दुरुस्त करायला सगळे सर्व्हर एकाच वेळी डेटाबेसकडे धावले. तिथून एरर आली की ते कॅशेमधली नोंद पुसत आणि पुन्हा विचारत. सेकंदाला लाखो प्रश्न! शेवटी साइटच बंद ठेवावी लागली. सुमारे अडीच तास ती लोकांना मिळाली नाही.

वेळ संपत आली, म्हणून एवढंच: कॅशेत नवी नोंद लिहिण्यापेक्षा जुनी पुसणं सुरक्षित. दोन बदल मागेपुढे पोचले तर लिहिलेली नोंद चुकू शकते. दोनदा पुसलं तरी बिघडत नाही.