पाखरांच्या वाटेने : अबू ते जैसलमेर



पक्षी पाहायचे तर दाट अरण्यात जावे, नाहीतर मोठ्या तळ्याकाठी, असा आपला समज असतो. आज मी तुम्हांला निराळ्याच वाटेने नेणार आहे. राजस्थानात अबूच्या पहाडावरून मोटारीने निघायचे, जोधपूर-फलोदीवरून थरच्या वाळवंटात शिरायचे आणि जैसलमेरच्या पलीकडे थांबायचे. दिवस थंडीचे हवेत. गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही, एवढी शिदोरी पुरे.

अबूचे गुरुशिखर १७२२ मीटर उंच आहे. अरवलीची रांग नैऋत्येकडून ईशान्येकडे गेलेली, आणि पावसाचे वारेही जवळजवळ त्याच दिशेने वाहणारे. म्हणून ते पुरते अडत नाहीत आणि पश्चिमेचा मुलूख कोरडा राहतो. शिक्षक मंडळी हे वर्गात सांगतातच. इथं ते डोळ्यांनी दिसतं. पहाडावर आंबा आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा इथंही आरवतो. नशीब असेल तर झुडपांत हिरवी मुनिया दिसते. चिमणीहून लहान, पोपटी अंगाची, लाल चोचीची, कुशीवर काळे-पांढरे पट्टे असलेली. पिंजऱ्यासाठी धरून धरून ही मोजक्या जागी उरली आहे. अबू ही त्यांतली एक.

पहाड उतरला की झाडे बुटकी आणि विरळ होत जातात. त्यांत ठायी ठायी दिसते ती खेजडी, म्हणजे आपली दसऱ्याची शमी. हिच्या शेंगांची भाजी होते, पाला शेळ्यांना आणि उंटांना चालतो. जोधपूरजवळ खेजडली गावी ही झाडे वाचवण्यासाठी १७३० साली बिष्णोई समाजातल्या ३६३ माणसांनी प्राण दिले. या मुलखाला ओसाड म्हणण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे फलोदीजवळ खीचन गाव लागते. मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांतून हजारो कांड्या करकोचे हिवाळ्यासाठी इथं येतात. तिथले लोक त्यांना कुरजां म्हणतात. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढरा तुरा. काही दशकांपूर्वी गावकरी कबुतरांना दाणे टाकीत. त्या दाण्यांवर थोडे करकोचे उतरू लागले. गावाने त्यांना हाकलले नाही. उलट दाण्यासाठी कुंपणाची जागा केली, पोत्यांनी धान्य ओतले. २०२५ साली खीचनला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले. पाखरे मात्र त्याच्या कितीतरी आधी येऊन राहिली होती.

जैसलमेरपलीकडच्या सेवण गवताच्या माळावर खरा पाहुणा भेटतो, तो माळढोक. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यामुळे एक पक्षी गेला तर त्याची जागा लवकर भरून येत नाही. आज जगात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक याच भागात.

तुम्ही म्हणाल, शिकारीला बंदी आहे, अभयारण्य आहे, मग हा मरतो कशाने? पुष्कळदा तो विजेच्या तारांना आपटून मरतो. याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. बाजूचे छान दिसते, समोरचे फार थोडे. अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. आणि हल्ली याच माळावर सूर्यप्रकाशाची आणि वाऱ्याची वीज तयार होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली इथल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितले. २०२४ साली तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली. माळावरची अंडी आणून उबवण्याचे कामही २०१९ पासून चालू आहे. पण पिल्ले वाढली तरी सोडायची कुठे? माळ तर हवा ना!

वीज आपल्यालाही हवी, हे मी विसरत नाही. खेड्यात दिवा लागावा, मोट गेली तिथे पंप चालावा, यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच की, तार नेताना आपण ती कुठून नेतो? जिथे काही पिकत नाही ती जमीन रिकामी, असे धरूनच आपण चालतो. जैसलमेरकडे देवाच्या नावाने राखलेली कुरणे आहेत. त्यांना ओरण म्हणतात. ती आपल्या देवराईची बहीणच. तिथे गायीही चरतात आणि माळढोकही.

आपल्याकडे काय झाले? सोलापूर-नगर भागात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज नान्नजच्या माळावर तो दिसणे ही अपूर्वाई झाली आहे. सातबाऱ्यावर ज्याला आपण पोटखराबा किंवा पडीक म्हणतो, त्यावर चंडोल घरटे करतो, धाविक पक्षी पळतो, लांडगा पिल्ले वाढवतो.

तेव्हा शिक्षकांना एक विनंती. राजस्थानला जायला जमले तर अवश्य जा. न जमले तर मुलांना घेऊन गावच्या गायरानावर जा. सकाळी तासभर. घरट्याजवळ जाऊ नका, अंड्यांना हात लावू नका. काय दिसले, किती दिसले, तारीख घालून वहीत लिहा. दर वर्षी लिहा. उद्या त्या जागेचे काय करावे याची चर्चा ग्रामसभेत निघेल, तेव्हा ती जमीन रिकामी नव्हती, एवढे सांगणारा कागद गावाजवळ असेल.